सातव्या पतंगाचं पोट

डाव्या गालाची दाढी उरकली होती, उजव्या गालावर साबण तसाच होता, आणि तेवढ्यात मला तो दिसला. आरशाच्या वर, दिव्याच्या खाली, भिंतीचा पोपडा सुटलाय तिथे. आधी मला वाटलं पोपडाच. राखाडी, तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, मिटून पट्टी लावलेल्या छत्रीसारखा गुंडाळलेला. असले पोपडे आमच्या बाथरूमला काही कमी नाहीत, मी रोज त्यांच्याकडे बघतच दाढी करतो. पण या पोपड्यानं मिशी हलवली. मी वस्तरा बेसिनमध्ये सोडला, चष्मा शोधला, तो साबणातच सापडला, सदऱ्याला पुसला आणि नाक भिंतीला लागेपर्यंत पुढे गेलो. पंखावर दोन काळे ठिपके, एक वर, एक खाली. त्यांच्या मधून कोपरात मोडलेली रेघ. कडेला नारिंगी दोरा, इतका बारीक की तो आहे हे दिसायला तो आहे हे आधी माहीत असावं लागतं. मला माहीत होतं. हा पतंग अख्ख्या जगात एकच होता, एकतीस वर्षांपूर्वी मेलेला, आमच्या संग्रहालयात चारशे बारा नंबरच्या खणात, टाचणीवर. आणि आता तो माझ्या बाथरूममध्ये जिवंत बसून माझी दाढी बघत होता. मी त्याला ओळखत होतो. म्हणजे खरं सांगायचं तर कमरेपर्यंत ओळखत होतो. कमरेखाली तो कोण आहे हे मला माहीत नाही, जगात दुसऱ्या कोणालाही माहीत नाही, आणि त्याला कारण मी आहे.

पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. हातात टॉवेल होता. एक फटका, की राखाडी पूड, की भिंत स्वच्छ. उद्या सोमवार, उद्या ती बाई येणार, जे व्हायचं ते होईल, निदान त्यात या साक्षीदाराची भर नको. पण टॉवेल उचलला आणि हात हलेना. कारण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं, आणि ते भीतीपेक्षा निर्लज्ज होतं. याला पोट आहे. स्वतःचं, जन्मापासूनचं, कोणी न चिकटवलेलं पोट. एकतीस वर्षं मी ज्या प्रश्नाकडे पाठ करून झोपतोय, त्याचं उत्तर माझ्या नाकापासून चार बोटांवर बसलंय. मी दातांच्या ब्रशांचा पेला रिकामा केला, ब्रश खिशात कोंबले, काचेचा पेला हळूच भिंतीवर पालथा घातला, आणि मग लक्षात आलं की आता मधे सरकवायला पुठ्ठा हवा आणि तो बाहेरच्या खोलीत आहे. एका हातानं पेला भिंतीवर दाबून धरत मी ओरडलो, "अगं, पुठ्ठा आण!"

"कसला पुठ्ठा?" बायको दाराबाहेरून म्हणाली. "आत करताय तरी काय एवढा वेळ?"

"कसलाही आण. पातळ. लवकर."

"बाथरूममध्ये पुठ्ठा मागणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता. दार तर उघडा."

"हात पोचत नाही."

"मग पुठ्ठा काय भिंतीतून घालू?"

शेवटी पायानं कडी काढली. कशी ते विचारू नका, अजून मांडी दुखते. तिनं कॅलेंडरच्या मागचा पुठ्ठा फाडून दिला, पेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी? झाडूनं उडवला असता. आणि आमचे ब्रश?" ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होते, आणि पंधरा मिनिटांनी मी बसमध्ये बसलो तेव्हाही तिथेच होते. अर्धी दाढी, खिशात दोन ब्रश, मांडीवर पुठ्ठा लावलेला पालथा पेला. शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. लोक समजूतदार असतात.

बसच्या खिडकीतून मी भिंती बघत होतो. या पतंगांच्या नादाला लागल्यापासून मला शहरात माणसं कमी आणि भिंती जास्त दिसतात. जुन्या कुंपणावर, पुतळ्याच्या चौथऱ्यावर, झाडाच्या सालीवर तो राखट हिरवा खवला असतो ना, लोक ज्याला डाग म्हणतात, ते दगडफूल. याच्या कुळातल्या अळ्या ते खातात. दुसरं काही नाही. हिरवीगार पानं समोर असली तरी ढुंकून बघत नाहीत, दगड चाटत बसतात. आणि गंमत म्हणजे दगडफूल हेसुद्धा एक जीव नाही, दोन आहेत, एक बुरशी आणि एक शेवाळ, एकमेकांना इतके चिकटलेले की हजारो वर्षं लोक त्यांना एकच समजत आले. तिथे कोणी तक्रार करत नाही. निसर्गानं चिकटवलं की शास्त्र, मी चिकटवलं की गुन्हा.

माझं कामच चिकटवणं. कीटक विभागात दुरुस्ती सहायक. कोणाचा पाय गळतो, कोणाची मिशी, कोणाचा पंख. मी सुईच्या टोकावर लाख घेऊन ज्याचं त्याला परत लावतो. ज्यांच्या हाताखाली मी लागलो ते सर मला डिंकराव म्हणतात. पहिल्याच आठवड्यात माझी बाही टेबलाला चिकटली होती आणि जेवायच्या सुट्टीत मला सदरा काढून जावं लागलं, तेव्हापासून. निदान मी तरी तेव्हापासून समजतो. पुढे मात्र दर वेळी सर "काय डिंकराव!" म्हणाले की मला वाटायचं, यांना कळलंय, हे सुचवतायत, हे वाट बघतायत. सर निवृत्त होईपर्यंत दहा वर्षं रोज सकाळी साडेनऊला माझी अशी चौकशी व्हायची आणि रोज मी निर्दोष सुटायचो. असं रोज सुटणं फार थकवतं.

एकतीस वर्षांपूर्वी ते घडलं तेव्हा सर रजेवर होते. कुठल्याशा डोंगरावरून आलेले सात पतंग खणात लावायचे होते, सातही सारखे राखाडी, वाळून कुरकुरीत झालेले. खण उघडला, डांबरगोळ्यांचा भपकारा आला आणि मला शिंक आली. तोंड फिरवायला हवं होतं. मी हात जोडल्यासारखं नाक झाकलं, म्हणजे शिंक बाजूला न जाता सरळ खाली गेली. सात पतंगांची सात पोटं उडाली. पतंग टाचणीवर जिथल्या तिथे, कमरेखाली मोकळे, सभ्यपणे उभे. मी गुडघ्यांवर बसून दिवसभर फरशी चाळली. सहा पोटं सापडली. सातवं कपाटाखाली गेलं की माझ्या बुटाला लागून घरी गेलं, देव जाणे. आमच्याकडे एक काड्यापेटी असायची, तिच्यावर 'बेवारस' लिहिलेलं. झाडताना सापडलेले मालक नसलेले अवयव तिच्यात टाकायचे, कधीतरी मालक सापडेल म्हणून. मालक कधी सापडत नसे, पेटी फक्त भरत जाई. मी तिच्यातून एक पोट काढलं. साधारण त्याच मापाचं, त्याच रंगाचं. सातव्याला लावलं. लाख वाळता वाळता ते जरा उजवीकडे फिरलं, पण पाच वाजले होते. मी म्हटलं, मेलेल्याला काय फरक पडतो.

या कुळात पंखांवर विश्वास ठेवणं म्हणजे कपड्यांवरून माणूस ओळखणं. ठिपके येतात, जातात, एकाच आईच्या पोरांत चार तऱ्हा निघतात. खरी ओळख पोटाच्या टोकाशी, नराच्या अवयवांत. पोट काढायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की जात कळते. सर रजेवरून आले, त्यांनी नेमका सातवा उचलला, कारण त्याच्या पंखावरची रेघ वेगळी होती, आणि तासाभरानं आतून हाक आली, "डिंकराव! असलं पोट मी जन्मात बघितलं नाही!" मीही बघितलं नव्हतं. मी सांगायला उठलोसुद्धा. पण तोवर सरांनी सगळ्या विभागाला चहा मागवला होता, आणि चहा पिणाऱ्या अकरा माणसांसमोर शिंकेची गोष्ट कशी सांगणार? म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी ते चित्र काढत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची जात जाहीर केली. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी फक्त दुसऱ्यांनी शोधलेल्या जाती ओळखल्या, हजारोंनी. ही एक त्यांची. नाव ठेवलं बायकोवरून. काकूंना संग्रहालयात आणून भिंग डोळ्याला लावून दाखवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा मळका?" पण त्यांनी पोटाचं ते चित्र छापलेल्या पानाची फ्रेम करून घेतली. ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. मी तिथे जातो तेव्हा तिच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडतो.

आणि गेल्या महिन्यात त्या बाईचं पत्र आलं. लांबच्या विद्यापीठातली बाई. आमच्या धंद्यात तिचा दरारा असा की तिनं आजवर अकरा जाती रद्द केल्यात; ती एखाद्या संग्रहालयात शिरली की म्हणे खण आपोआप बंद होतात. तिनं अदबीनं लिहिलं होतं, की तुमच्या चित्रातले अवयव मला धान्याच्या कोठारातल्या एका पतंगासारखे वाटतात, नमुना प्रत्यक्ष बघायला मिळेल का? सर निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, तरी पत्र त्यांना दाखवावं लागलं. ते इतके हसले की कवळी सावरावी लागली. "कोठारातला पतंग! येऊ दे तिला. मी स्वतः येतो. मी स्वतः खण उघडून दाखवतो." सोमवार ठरला. मला तेव्हापासून एकच चित्र दिसत होतं: एक्क्याऐंशी वर्षांचे सर, इस्त्रीचा सदरा, खण उघडतायत, बाई वाकते, कमरेवरचा लाखेचा थेंब बघते, आणि काही न बोलता सरांकडे वर बघते. ते न बोलणं मला ऐकू यायचं. आज सांगितलं नाही, तर उद्या त्यांना ते परक्या माणसाच्या तोंडून, भर विभागात कळणार होतं.

दार काकूंनी उघडलं. माझ्या गालाकडे बघितलं, खिशाकडे बघितलं. "राहायला आलास का रे? घरी भांडण झालं?"

"नाही काकू. सर आहेत?"

"जातायत कुठे. उद्याच्या भाषणाची तालीम चाललीय. मघापासून मी ती बाई झालेय."

सर खिडकीशी बसले होते. मी पेला त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी भिंग घेतलं, वाकले. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. मानेवरची कातडी हळूहळू लाल होत गेली.

"तोच," सर म्हणाले.

"कोण?" काकू.

"तू."

काकू जवळ आल्या. सरांचं भिंग पेल्यावर टिकटिक वाजत होतं. "एकतीस वर्षं. डिंकराव, एकतीस वर्षं मी प्रत्येक भिंत बघितली. कुठे सापडला?"

"बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये! आणि मी डोंगर पालथे घातले!" ते उठले, बसले, पुन्हा उठले. "आता येऊ दे तिला. याचं पोट उघडू. आत्ताच. तेच अवयव, तोच पीळ. दोन नमुने! मग बघू धान्य आणि कोठार. कॉस्टिक काढ, त्या कपाटात आहे."

मी कपाटाकडे दोन पावलं गेलो. बाटली दिसत होती. मला वाटलं, उकळू द्यावं, बघू द्यावं, कळेल त्यांना आपोआप. मग वाटलं, ही पुन्हा तीच पाच वाजायची वेळ आहे. मी वळलो आणि फ्रेमकडे तोंड करून बोललो, कारण सरांकडे बघून जमेना.

"सर, तेच अवयव निघणार नाहीत. ते पोट त्याचं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. शिंक, फरशी, सहा पोटं, काड्यापेटी. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात हे मी शंभर तऱ्हांनी सांगितलं होतं, काही तऱ्हा तर भावस्पर्शी होत्या; प्रत्यक्षात ते दीड मिनिटात संपलं. एवढंसंच होतं ते.

आधी काकू बोलल्या. "म्हणजे पुढचं अर्धं माझं, आणि मागचं भलत्याचंच?"

"हो काकू."

"कोठारातल्या?"

"बहुतेक."

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या. "ते चित्र काही मला माझं वाटलं नाही कधी."

सर खिडकीबाहेर बघत होते. मी वाट बघत होतो त्यांनी विचारावं की का लपवलंस. त्यांनी विचारलं, "आणि पीळ?"

"लाख वाळताना फिरलं, सर."

"फिरलं." ते माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं. "मी त्या पिळावर दीड पान लिहिलंय! खडबडीत दगडावर बसायची सोय व्हावी म्हणून निसर्गानं दिलेला पीळ! दोन माणसांनी ते आपल्या पुस्तकात घेतलंय! एक जण त्याच्यावर डॉक्टर झालाय! पोट भलत्याचं लावलंस ते लावलंस, सरळ तर लावायचं होतंस!"

"पाच वाजले होते, सर."

"नीघ."

"सर..."

"नीघ म्हणतो ना. उद्या येऊ नकोस. मीही येणार नाही. खण उघडा टाक आणि तिला म्हणावं काय मोडायचं ते मोड."

मी पेला उचलायला हात पुढे केला. सरांनी पेल्यावर तळवा ठेवला. "हा राहू दे," ते म्हणाले, आणि तळव्याखाली काही दिसलं असावं, कारण त्यांनी तळवा काढला आणि माझ्यावर रागवायचं अर्धवट सोडून भिंग उचललं. मी निघायला हवं होतं. मी वाकलो. पेल्याच्या काचेवर पतंगानं पोटाचं टोक टेकलं होतं, दाबलं, जरा थांबून उचललं. मागे एक ठिपका राहिला, लोण्याच्या रंगाचा. पुढे सरकून पुन्हा टेकलं. आमची डोकी एकमेकांवर आपटली, दोघांपैकी कोणीच मागे झालं नाही.

"मादी," सर म्हणाले.

मादी. म्हणजे कॉस्टिक काढून, पोट उघडून काहीच कळणार नव्हतं. ओळख नराच्या अवयवांवरून, आणि इथे नरच नाही. म्हणजे मी अर्ध्या दाढीनिशी शहर ओलांडून, एकतीस वर्षांचं पाप ओकून, जे बोललो ते निदान उद्यापर्यंत लांबवता आलं असतं. मला हसू आलं. ते दाबताना नाकातून विचित्र आवाज निघाला आणि सरांनी झटकन पेला आपल्याकडे ओढला. "शिंकू नकोस!"

"शिंक नाही, सर."

"तीन अंडी झाली," काकू म्हणाल्या. त्या कधी तिसरं डोकं घालून उभ्या राहिल्या ते कळलंही नव्हतं. "हे चौथं. यातून नर निघतील ना?"

"निम्मे तरी," सर म्हणाले. आवाज आता नेहमीचा होता, वर्गात असायचा तसा. "त्या नरांचं पोट उघडलं की कळेल. पुढचं अर्धं जर एखाद्या जुन्याच जातीची तऱ्हा निघाली, तर संपलं, नाव गेलं. नवीन निघालं, तर परकं पोट बाजूला काढायचं आणि नाव पुढच्या अर्ध्याला. तसा नियम आहे."

"किती दिवसांनी?"

"या कुळातल्या अळ्या आळशी. दगड चाटून वाढायचं. सात महिने, आठ महिने."

"तुम्ही ऐंशी पार केलीत," काकू म्हणाल्या.

"मग? मला काय दगड चाटायचाय?" सर टेबलावर काहीतरी शोधत होते. बाईंचं पत्र सापडलं, खाली नंबर होता. मी म्हणालो, सर, उद्या बोलू, जरा विचार करू. पण त्यांनी फोन कानाला लावलासुद्धा. "नमस्कार. हो, मीच. उद्या येताय ते फार बरं. एक सांगायचं होतं, आमच्या नमुन्याचं पोट दुसऱ्याचं आहे... हो. कोठारातलंच, तुमचा अंदाज बरोबर... नाही, डोंगरावर नाही, आमच्याकडेच लागलं... कोणी लावलं ते महत्त्वाचं नाही." ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "नाही, महत्त्वाचं आहे. तो इथेच बसलाय. देतो."

फोन गरम होता. मी हॅलो म्हटलं. पलीकडे बाई काही बोलेना, आणि हेच ते न बोलणं असं मला वाटलं, महिनाभर ऐकू येत होतं ते. मी पुन्हा दीड मिनिट घेतलं. या वेळी सव्वा मिनिट लागलं असेल, सवय होते माणसाला. शेवटी ती बोलली. आवाज तरुण होता, आणि जरा धापा टाकल्यासारखा.

"पण मग पुढचं अर्धं कोणाचं?"

"माहीत नाही, बाई. अंडी घालतेय."

"कोण?"

"ती. माझ्या ब्रशाच्या पेल्यात."

"जिवंत?" फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "किती घातली? काचेवर? खाली कागद आहे का? अळ्या निघाल्या तर देणार काय खायला? कुठलं दगडफूल खातात ते माहीत आहे का तुम्हाला? मी आजच येऊ का? संध्याकाळची गाडी आहे."

ते मला माहीत नव्हतं. म्हणून विचारायला मी वळलो, तर सर खुर्चीत नव्हते. ते बाल्कनीत होते, गुडघ्यांवर, एका हातानं कठडा धरून, बूट घालायच्या चमच्यानं बाहेरची भिंत खरवडत. राखट हिरव्या खपल्या खाली उडत होत्या, काही त्यांच्या भुवईवर बसल्या होत्या. काकू मागून त्यांचा सदरा मुठीत धरून उभ्या होत्या, उद्याचा इस्त्रीचाच होता तो.

"येऊ दे तिला," सर मागे न बघता ओरडले. "तू फोन ठेव आणि डबी धर. सगळं खाली चाललंय."